अंड्यांना चालणारी सायकल

आमच्या घरात रस्ता चांगला की वाईट हे अंड्यांवरून ठरतं. अब्बा लोणावळ्यातल्या हॉटेलांना, बंगल्यांना आणि पॉइंटवरच्या ऑम्लेटच्या टपऱ्यांना अंडी पोचवतात. स्कूटरवर पुढे ट्रेची चळत, मागे ट्रेची चळत आणि मधल्या फटीत अब्बा. त्यांना कुणी विचारलं की धरणाकडचा रस्ता सध्या कसा आहे, तर ते म्हणतात, "दोन जातात." म्हणजे दोन अंडी फुटतात. जुना हायवे विचारला तर, "एक बी जात न्हाई." आणि वलवणातली आमची स्वतःची गल्ली विचारली तर, "सकाळी सकाळी तिचं नाव नको काढू."

या धंद्यात जाताना भरलेलं असतं आणि येताना रिकामं. जाताना अब्बा स्कूटर इतकी हळू चालवतात की मागे लागलेली कुत्रीसुद्धा कंटाळून परत फिरतात. येताना मात्र रिकामे ट्रे दोरीने आवळलेले आणि अब्बा सुसाट. शर्ट फुग्यासारखा फुगलेला, तोंडात गाणं. अम्मी म्हणते, "तुझा बाप जाताना म्हातारा असतोय आन येताना पोरगा."

मला वाटतं, माझं चालणं-बोलणंही त्या जातानाच्या स्कूटरसारखंच झालं आहे. मी सावकाश बोलते. वर्गात हात वर करेपर्यंत उत्तर दुसऱ्याने दिलेलं असतं. कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिलीच, आणि याचा जो परिणाम होतो तो मला आधी कुणी सांगितला नव्हता. परिणाम असा की घरातलं सगळं काही मलाच विचारलं जातं. गोळीची पट्टी वाचून दाखव. मिक्सर आवाज का करतोय सांग. शेजारच्या खालाची बकरी लंगडायला लागली, तेव्हा खाला तिला घेऊन थेट आमच्या दारात आली. म्हणाली, "बघ गं जरा, तू शिकलेली हायेस."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एस्सी.त बकरीच्या खुराबद्दल काही येत नाही. पण "मला माहीत नाही" असं म्हटलं की समोरचं माणूस माझ्याकडे न बघता लांब कुठेतरी, कॉलेजच्या दिशेने बघतं आणि विचारतं, "मग तितं शिकवत्यात तरी काय?" म्हणून मी "बघते" म्हणते आणि फोनवर शोधत बसते. त्या दिवशी मी बकरीला कोमट मिठाचं पाणी सांगितलं. बकरीने ते पिऊन टाकलं.

सायकलचा विषय अशा परिस्थितीत निघाला.

माझं कॉलेज कामशेतच्या पुढे आहे. सकाळी लोकल मिळते, पण दुपारी तिला मोठा खंड असतो आणि माझं प्रॅक्टिकल नेमकं त्या खंडात संपतं. स्टेशनवर बसून मी पूर्ण वेळ अभ्यास करते असं घरी सगळ्यांना वाटतं. मी बहुतेक वेळ बाकावरच्या मुंग्या बघते. भावाची जुनी जड सायकल नेऊन पाहिली, पण येताना कामशेतच्या चढावर तिला ढकलत आणताना एक आजोबा पायी माझ्या पुढे निघून गेले. शिवाय जाताना त्यांनी मला "हळू ये" म्हटलं.

त्यातच आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांनी जाहीर केलं की दिवाळीच्या आधी आंबीजवळच्या माळावर सायक्लोक्रॉसची शर्यत ठेवणार आहोत. मोठी शर्यत नाही, हौशी लोकांसाठी. थोडा रस्ता, थोडं गवत, थोडा चिखल आणि मधे आडव्या फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, उडी मारायची आणि परत बसायचं. सरांनी फळ्यावर त्या सायकलचं चित्र काढलं. दिसायला रस्त्यावरच्या रेसच्या सायकलसारखी, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं, पण टायर जाड आणि दातेरी, आणि टायरच्या भोवती मोकळी जागा, म्हणजे चिखल अडकत नाही. "आठवडाभर रस्त्यावर चालवा, रविवारी चिखलात घाला," सर म्हणाले. "एका सायकलमध्ये दोन्ही."

मी घरी येऊन हे सगळं अम्मी-अब्बांना नीट समजावून सांगितलं.

मग अम्मी म्हणाली, "सायकल खांद्यावर घ्यायची?"

"थोडाच वेळ."

"मग चालतच जावं की."

अब्बांनी मात्र हात वर करून तिला थांबवलं. "घेऊ. पण एकच घेऊ. कॉलेज संपंस्तवर तीच. परत दुसरी मागायची न्हाई. कंची घ्यायची ते तूच बघ. आमाला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेली हायेस."

मी "बघते" म्हटलं. आजवर माझ्यासाठी सगळ्या गोष्टी दुसऱ्यांनी ठरवल्या होत्या. शाळा आत्याने ठरवली, विज्ञान शाखा हेडमास्तरांनी, चपला अम्मीने. ही पहिली वस्तू मी निवडायची होती, आणि ती चुकली तर दोन वर्षं रोज तिच्यावर बसून जायचं होतं. मी फोनवर शोधलं. एक माणूस म्हणे, सगळीकडे चालणारी सायकल म्हणजे कुठेच नीट न चालणारी. दुसरा म्हणे, आयुष्यात एकच सायकल घ्यायची तर हीच घ्या. दोघेही मला शिकलेले वाटले.

ठरलेल्या दिवशी अब्बांनी मला स्कूटरवर बसवलं आणि माझ्या मांडीवर अंड्यांचा एक ट्रे ठेवला. वाटेत कुणाला तरी द्यायचा असेल असं मला वाटलं. वलवण ते तळेगाव आम्ही जातानाच्या चालीने गेलो. म्हणजे लोणावळ्याहून निघालेले, अंगाला घट्ट कपडे घातलेले सायकलवाले, ज्यांना अब्बा पोपट म्हणतात, ते एकेक करून आमच्या पुढे गेले. ट्रे कुणालाच दिला नाही. दुकान आल्यावर अब्बांनी तो माझ्या हातून घेतला आणि काचेच्या काउंटरवर ठेवला.

दुकानदार तरुण होता, त्याची दाढी नीट कोरलेली होती. तो ट्रेकडे बघून म्हणाला, "काका, हे?"

"अंडी," अब्बा म्हणाले.

त्याने सोडून दिलं आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, सायकल कशासाठी हवी आहे? रोड, ट्रेल, फिटनेस?"

"कॉलेजसाठी," मी म्हणाले. "आणि थोडी शर्यतीसाठी."

"आन अंड्यांसाठी," अब्बा म्हणाले.

त्याने तीन सायकली काढल्या. एक पातळ टायरची, रस्त्याची. ती एका बोटाने उचलता येत होती. दुसरी डोंगरातली, पुढे स्प्रिंगवाली, म्हशीसारखी धष्टपुष्ट. तिसरी सायक्लोक्रॉसची, दोघींच्या मधली. तो बोलत राहिला, गिअर, डिस्क ब्रेक, फ्रेमचा कोन, आणि मी मान डोलवत राहिले. मधेच त्याने विचारलं, "तुम्ही काय प्रेफर करता?" अब्बा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, गोळीची पट्टी हातात देताना असतो तो.

मी सायकलींकडे बघितलं. तिघी सारख्याच चमकत होत्या. मी अब्बांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "अब्बा, मला कळत नाहीये."

मला वाटलं आता ते कॉलेजच्या दिशेने बघतील. दुकानाचं तोंड त्याच बाजूला होतं.

"मला तरी कुटं कळतंय?" अब्बा म्हणाले. "म्हणून तर अंडी आणलीत."

मग कळलं. अब्बांनी घरातली प्रत्येक गाडी अशीच घेतली आहे. जुनी लूना, मामाचा टेम्पो, आताची स्कूटर. मीटर, इंजिन, रंग यांतलं ते काहीच विचारत नाहीत. अंडी ठेवतात आणि एक फेरी मारतात.

दुकानदार म्हणाला, "पण काका, या सायकलींना कॅरियर नाही."

"पाठ हाय की," अब्बा म्हणाले. त्यांनी माझी कॉलेजची सॅक घेतली, स्कूटरच्या डिकीतून भाताच्या तुसाची पिशवी काढली, सॅकमध्ये तुसाचा थर दिला, त्यावर डझनभर अंडी मांडली, वरून पुन्हा तूस. सॅक माझ्या पाठीवर चढवून ते म्हणाले, "दुकानामागच्या गल्लीतनं जाऊन ये. स्पीडब्रेकर चुकवायचा न्हाई. त्यो हाय म्हणून तर ही गल्ली धरली."

पहिली पातळ टायरची सायकल. ती इतकी हलकी होती की पायडल मारताच मी गल्लीच्या तोंडाशी. स्पीडब्रेकरवर दातावर दात आपटले. गटाराच्या झाकणावर पाठीमागे कट् असा आवाज आला. परत आले तेव्हा अब्बांनी सॅक उघडली, तुसात हात घातला आणि बोटं पिवळी करून बाहेर काढली. "पाच."

दुसरी, डोंगरातली. स्पीडब्रेकर कधी आला कळलंच नाही. अब्बांनी सॅक चाचपली, पुन्हा चाचपली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "एक बी न्हाई! हीच. बांधा."

दुकानदार बिल करायला वळलासुद्धा. आणि मी, जिने आजवर चपलेच्या रंगावरही वाद घातला नव्हता, म्हणाले, "नको."

"का?"

"जड आहे. म्हणजे... मला वाटतं... कामशेतच्या चढावर हिच्यापेक्षा ते आजोबाच बरे."

अब्बांना आजोबा माहीत नव्हते. पण त्यांनी सॅक पुन्हा माझ्या पाठीवर चढवली.

तिसरी सायकल घेतली. ती पहिलीइतकी नाही, पण हलकी होती आणि पळायला तयार होती. स्पीडब्रेकरवर मात्र पुन्हा कट्. "तीन," अब्बा म्हणाले आणि म्हशीसारख्या सायकलकडे बघून सुस्कारा सोडला.

मी टायर दाबून बघितला. दगडासारखा होता. फोनवरच्या दोन माणसांचं बाकी कशावरच जमत नव्हतं, पण एका गोष्टीवर दोघे एकमताने बोलले होते. मी चाचरत म्हणाले, "यातली हवा थोडी कमी केली तर?"

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नवरीची मेंदी पुसायला सांगितली. त्यांच्या हिशेबाने टायर म्हणजे नारळासारखा टणक हवा. हवा कमी म्हणजे पंक्चर, आणि पंक्चर म्हणजे हॉटेलवाल्याच्या शिव्या. "नव्या सायकलची हवा काढती?"

"जाड टायर आहे ना, अब्बा. म्हणून चालतं म्हणतात. नक्की नाही सांगता येत. करून बघू?"

दुकानदाराने फुस्स करून हवा सोडली. तो आवाज अब्बांनी डोळे मिटून ऐकला. मी पुन्हा गेले. स्पीडब्रेकर आला, टायर जरा दबला, पुन्हा वर आला, गटाराचं झाकण मागे गेलं. पाठीमागे शांतता. अब्बांनी सॅकमध्ये दोन्ही हात घातले. एकेक अंडं बाहेर काढून उजेडात धरून बघितलं. मग बाकीची अंडी सॅकमध्ये भरून, सॅक स्वतःच्या पाठीवर चढवून, त्या शिंगांच्या हँडलवर वाकून ते स्वतः निघाले. गल्लीतली पोरं त्यांच्या मागे पळत गेली. परत आले तेव्हा धापा टाकत होते.

"बसलं की भात लावल्यासारखं वाकावं लागतंय," ते म्हणाले. "पर एक बी न्हाई."

सायकल ठरली. फुटलेल्या अंड्यांचं ऑम्लेट दुकानासमोरच्या टपरीवर झालं. दुकानदारानेही खाल्लं. ऑम्लेटमध्ये तूस लागतंय, असं तो म्हणाला नाही, पण मधेमधे थुंकत होता.

त्यानंतर मला एक धीर आला. खाला पुन्हा बकरी घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "खाला, मला नाही कळत. आपण जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊ." खालाने कॉलेजच्या दिशेने थोडं बघितलं, पण आली. बकरीच्या खुरात काटा होता. आता ती माझ्या सायकलचा हँडलवरचा टेप खाते.

सायकलचं रोजचं जाणं-येणं चांगलं चाललं होतं. कामशेतच्या चढावर मी आजोबांना गाठलं आणि नम्रपणे पुढे गेले. पण शर्यत जवळ यायला लागली तशी मला वेगळीच भीती वाटायला लागली. सायकल रस्त्यावर बरोबर निघाली होती. चिखलात चुकीची निघाली तर? अर्धीच बरोबर निवडली असं होईल. शिवाय पडले तर ओरखडा, आणि ओरखडा अब्बा आधी बघणार.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तिघं आंबीच्या माळावर गेलो तर चिखलच नव्हता. ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन वाळली होती. म्हणून सरांनी पाण्याचा टँकर मागवला होता आणि एका पट्ट्यात पाणी सोडून, पाय मारून मारून चिखल करवत होते. आसपासचे शेतकरी आणि पाळी सुटलेले कारखान्यातले कामगार बांधावर बसून बघत होते.

"आबा, ह्ये काय चाललंय?"

"चिखल करत्यात."

"मावळात? चार म्हैने काय कमी झाला व्हता?"

"त्यो फुकटचा व्हता. ह्यो इकतचा हाय."

मी हेल्मेट घातलं. अम्मीने बघून म्हटलं, "डोक्याला बी ट्रे लागतोय व्हय?" आणि माझी ओढणी काढून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

शिट्टी झाली. सगळे पुढे उसळले, मी मागे राहिले. ते काही मी ठरवून केलं नव्हतं. समोर खडबडीत जमीन दिसली की माझं अंग आपोआप जपायला लागतं. ढेकूळ आलं की मी सावकाश. बांध आला की मी सावकाश. फळी आली, मी अलगद उतरले आणि सायकल खांद्यावर घेतली.

बांधावरून आवाज आला, "अगं पोरी, सायकल दमली का काय?"

"झोपली आसंल. खाली नगं ठेवू, उठंल!"

सगळे हसले. त्या हसण्यातूनही एक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. बाकीच्या मुलांचे दोस्त "पळ, पळ, जोरात" म्हणून ओरडत होते. एकटाच माणूस शर्यतीच्या वाटेला बांधलेल्या दोरीला धरून पळत पळत ओरडत होता, "हळू! हळू! सांभाळून! म्होरं खड्डा हाय!"

चिखलापाशी सर उभे होते. दुसऱ्या फेरीला त्यांनी विचारलं, "हे कोण आहेत?"

"माझे वडील, सर."

"ते दुसऱ्या कुणाच्या बाजूने आहेत का?"

मी शेवटची होते. माझ्या पुढे एक जाड मुलगा होता, आणि त्याच्या पुढे दोघेजण चिखलात एकमेकांच्या सायकलीत अडकून भांडत होते. माझी सायकल स्वच्छ होती. माझे बूटसुद्धा स्वच्छ होते. शेवटची फेरी सुरू झाली आणि मी पुन्हा ढेकळापाशी ब्रेक दाबला. अब्बा दोरीपाशी होते, अगदी जवळ. ते "हळू" म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली. ते थबकले. माझ्या पाठीवर काहीच नव्हतं.

"अगं," अब्बा ओरडले, "रिकामी हायेस की!"

मी वळून बघितलं.

"रिकामी! रिकामी हायेस, पोरी! पळव!"

त्यानंतर काय झालं ते मला नीट क्रमाने सांगता येत नाही. मी ब्रेक सोडला एवढं आठवतं. सायकल जणू याचीच वाट बघत होती. जाड मुलगा डावीकडून मागे गेला. फळीवर सायकल खांद्यावर कधी आली आणि कधी उतरली, कळलं नाही. बांधावरचे आता हसत नव्हते, ओरडत होते, कुणीतरी सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं, "रिकामी! रिकामी!" त्यांना त्याचा अर्थ कळला असेल असं वाटत नाही. चिखलातले दोघे अजून भांडत होते, मी त्यांच्या बाजूने गेले आणि विकतच्या चिखलाच्या बरोबर शेवटच्या वितीत पुढचं चाक वळलं. मी आडवी पडले. तोंडात आंबीची माती आली. उठले, सायकल उचलली. टायरभोवती इतका चिखल होता, तरी चाक फिरत होतं. मी बसले आणि रेघ ओलांडली. शेवटून चौथी.

अब्बा धावत आले. माझ्याकडे नाही, सायकलकडे. अंडी पुसायचं फडकं खिशातून काढून त्यांनी फ्रेम पुसली. एक लांब ओरखडा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ह्या रस्त्यावर आख्खा ट्रे जाईल," ते म्हणाले. मग चाक हाताने फिरवून बघितलं. "सायकल बराबर घेतलीस."

घरी जाताना मी जुन्या हायवेने पुढे निघाले. थोड्या वेळाने मागून स्कूटर आली, अब्बा पुढे, अम्मी मागे. ते माझ्या बाजूला येऊन माझ्या चालीने चालायला लागले. रस्ता रिकामा, स्कूटर रिकामी, आणि अब्बा जातानाच्या म्हाताऱ्यासारखे.

"अब्बा," मी म्हणाले, "तुम्हीपण रिकामेच आहात ना?"

अब्बांनी मागे बघितलं, जिथे एरवी ट्रे असतात. तिथे अम्मी होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्कूटरची मूठ पिरगाळली. स्कूटर वळणाआड दिसेनाशी झाली तरी अम्मीचा आवाज येत होता.

"हळू! आवो, हळू!"